लहान धक्क्यांची वही

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाली, "मावशी, काल कोयनेला भूकंप झाला म्हणे, २.९ चा. तुला कळला का?"

म्हटलं, "नाही गं. कराडात काही जाणवलं नाही."

"जाऊ दे. असे लहान लहान होतायत ते बरंच. आतला ताण निघून जातो ना!"

मी "हं" म्हटलं आणि विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. हे वाक्य आमच्या घरात फार जुनं आहे. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सोळा वर्षांची होते. पुढे शिक्षिका झाल्यावर मीही ते वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. आणि ते चुकीचं आहे. भाचीला फोनवर जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते. घरच्या मोठ्या मंडळींना यातलं निम्मं माहीत आहे, पण मुलांना नसावं.

माझं माहेर पाटणचं. कोयना नदी महाबळेश्वराहून निघते, सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेकडे वाहत हेळवाकपाशी येते आणि तिथे पूर्वेला वळण घेऊन पाटणवरून कराडला कृष्णेला मिळते. या वळणाच्या थोडं वर कोयनेचं धरण आहे. उंची १०३ मीटर, लांबी आठशे मीटरच्या वर, आणि मागे पन्नासेक किलोमीटर पसरलेला शिवाजीसागर. आमच्या लहानपणी धरण म्हणजे अभिमानाचा विषय. शाळेच्या निबंधाला हमखास यायचं.

१९६२ च्या सुमाराला जलाशयात पाणी साठू लागलं आणि त्याच सुमाराला जमीन हलायला लागली. आधी आवाज यायचा. दूर कुठेतरी सुरुंग उडाल्यासारखा. धरणाच्या कामामुळे सुरुंगाच्या आवाजाची सवय होतीच, त्यामुळे लोकांना वाटायचं, फोडत असतील कुठे दगड. मग फडताळातली पितळी भांडी किणकिणायची, कंदील हलायचा, आणि संपलं. आई चुलीपुढून उठतसुद्धा नसे.

त्या काळी भूगोलाच्या पुस्तकात दख्खनचं पठार म्हणजे पृथ्वीवरच्या जुन्या आणि स्थिर भूभागांपैकी एक असं शिकवत. भूकंप व्हायचे ते हिमालयात, आसामात, जपानात. त्यामुळे आमच्या पायाखालचं हलणं हे पुस्तकात न बसणारं होतं. पण धरणाच्या लोकांनी ते मनावर घेतलं हे खरं. धक्के वाढू लागल्यावर धरणाच्या परिसरात भूकंपमापक यंत्रं बसवली गेली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातले लोक त्या नोंदींचा अभ्यास करत होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे. जगात इतर ठिकाणी मोठा भूकंप झाल्यावर यंत्रं घेऊन लोक धावले आहेत. इथे मोठा धक्का बसायच्या आधीपासून लहान धक्क्यांची नोंद ठेवली जात होती.

माझी धाकटी आत्या कोयनानगरला राहायची. आतोबा प्रकल्पावर नोकरीला होते. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचाच्या वरचा एक धक्का बसला, तोवरच्या धक्क्यांपेक्षा चांगलाच मोठा. आत्या घाबरून लेकराला घेऊन पाटणला आली. आठ-दहा दिवस राहिली. त्या दिवसांत रात्री जेवणं झाल्यावर अण्णा (माझे वडील) तिला समजावत असत. त्यातलं एक वाक्य मला शब्द न् शब्द आठवतं : "अगं, भाताच्या पातेल्यावरचं झाकण कसं थोडं थोडं उडतं? वाफ निघून जाते. न उडालं तर मात्र भीती. लहान धक्के येतायत हे चांगलंच आहे." आत्याला ते पटलं. आम्हा सगळ्यांनाच पटलं. पटण्यासारखंच होतं. दसऱ्याच्या आधी ती परत गेली.

११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटेचे चार वाजून वीस-एकवीस मिनिटं झाली होती. मी जागी झाले ती आवाजाने. तो सुरुंगाचा आवाज नव्हता. घराखालून मालगाडी जावी तसा होता आणि थांबतच नव्हता. वरून कौलं पडत होती. अण्णांनी आम्हाला अक्षरशः ओढून अंगणात काढलं. बाहेर कडाक्याची थंडी, काळोख, सगळ्या गावातून कुत्र्यांचं रडणं आणि बायकांच्या हाका. थोड्या वेळाने कोणीतरी ओरडलं, "धरण फुटलं!" मग जो तो उंचावर पळत सुटला. सहा वर्षांपूर्वीचं पानशेत सगळ्यांच्या डोळ्यापुढे होतं. उजाडेपर्यंत आम्ही टेकडीवर बसून होतो. पाणी आलं नाही. धरण फुटलं नव्हतं.

पण कोयनानगर उरलं नव्हतं. बहुतेक घरं पडली होती किंवा राहण्याजोगी राहिली नव्हती. दोनशेच्या आसपास माणसं गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली, हजारो उघड्यावर आली. वीजघर बंद पडलं आणि तिकडे मुंबईची वीज विस्कळीत झाली. आत्याच्या खोलीची दगडी भिंत आत पडली. तिने मुलाला बाजूला ढकललं असावं, कारण तो वाचला. तो पुढे आमच्याच घरी वाढला. तो आता आजोबा आहे आणि हे वाचत असेल. त्याच्या परवानगीनेच लिहिते आहे.

अण्णा त्यानंतर वाफेचं वाक्य कधी बोलले नाहीत. पण आपण चुकीचं सांगितलं असं त्यांना वाटलं असेल का, हे मला कधी विचारता आलं नाही. त्यांचं चुकलं तरी कुठे? त्यांना जे शहाणपण माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. आईने मात्र एक केलं. जमीन हलली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलने फुली मारायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. काही महिने तर एका चौकटीत तीन-तीन फुल्या असत.

आता इतिहासाकडे वळते. आमच्या आधी जगात तीन-चार ठिकाणी असं घडलं होतं. अमेरिकेत हूवर धरणामागे मीड सरोवर भरल्यावर धक्के सुरू झाले आणि डीन कार्डर यांनी १९४५ मध्ये त्यांचा पाण्याशी संबंध दाखवला. चीनमध्ये शिनफेंगच्यांग (१९६२), आफ्रिकेत झांबेझी नदीवरचं करिबा (१९६३), ग्रीसमध्ये क्रेमास्ता (१९६६) इथे सहाच्या वरचे भूकंप झाले. कोयनेचा रिश्टरवर ६.३ धरला जातो. जलाशयाशी ज्यांचा संबंध निर्विवाद मानला जातो अशा भूकंपांत तो सगळ्यांत मोठा.

धरणाने भूकंप कसा होतो? इथे एक गैरसमज दूर करते. पाण्याच्या वजनाने जमीन फाटत नाही. खडकात लाखो वर्षांचा ताण आधीच साठलेला असतो. खोल भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घट्ट दाबून धरलेल्या असतात. वर जलाशय आला की वजन तर वाढतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे खडकाच्या बारीक फटींतून पाण्याचा दाब खाली पोचतो आणि त्या दोन बाजूंची पकड सैल करतो. कडी घट्ट बसलेल्या दाराला तेल घालावं तसं. दार उघडणारच होतं, कदाचित शेकडो वर्षांनी. पाण्याने ते लवकर उघडलं. म्हणून शास्त्रज्ञ हल्ली "धरणाने केलेला" म्हणण्याऐवजी "धरणाने चेतवलेला" भूकंप म्हणतात.

आणि हे कळलं ते कशावरून? एका मोठ्या भूकंपावरून नव्हे. एकच घटना असेल तर योगायोग म्हणून सोडून देता येते, आणि तसं म्हणणारे तज्ज्ञही होते. कळलं ते त्या हजारो लहान धक्क्यांच्या वहीवरून. पावसाळ्यात जलाशय भरला की धक्के वाढतात, डिसेंबराच्या सुमारास पाणी उतरू लागलं की पुन्हा वाढतात. एक-दोन वर्षं नाही, साठ वर्षं हे चाललंय. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले डॉ. हर्ष गुप्ता यांनी या नोंदींवर आयुष्य घातलं. पाण्याची पातळी किती वेगाने चढते याचाही संबंध आहे, आठवड्यात बारा मीटरहून जास्त चढली तर मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते, हे त्यांनी दाखवलं. १९८५ मध्ये दक्षिणेला वारणेचं धरण भरू लागलं, तर पुढच्या काळात धक्केही त्या बाजूला सरकले, आणि १९९३-९४ मध्ये तिकडे पाचाच्या वरचे भूकंप झाले. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता माझी गोष्ट. मी तेवीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. भूकंपाचा धडा आला की मुलं विचारत, "बाई, सारखे धक्के का बसतात?" आणि मी पातेल्याचं आणि वाफेचं उदाहरण देत असे. अण्णांचंच. आत्याला काय झालं हे माहीत असून! माणसाचं मन कसं असतं बघा. मला वाटायचं, तेव्हा वाफ पुरेशी निघाली नसेल, म्हणून झालं.

नव्वदच्या दशकात एकदा नववीची सहल घेऊन गेले, तेव्हा धरणाच्या परिसरातलं एक भूकंपवेध केंद्र बघायला मिळालं. छोटीशी खोली. त्यात संथ फिरणारा ड्रम, त्यावर कागद आणि त्याला टेकलेली सुई. आधीच्या काळी असा कागद काजळी धरलेला असे आणि सुई काजळी खरवडून पांढरी रेघ ओढत असे, तर काही यंत्रांत फोटोचा कागद असे, हे तिथल्या गृहस्थांनी सांगितलं. मुलांना उड्या मारायला लावल्या. सुई थरथरली. मुलं खूश.

मग त्यांनी एक खरा धक्का दाखवला. सरळ रेघेत आधी बारीक थरथर, क्षणभराने मोठी. "पहिली लाट वेगाने येते, दुसरी मागून. दोघींमध्ये जेवढे सेकंद, त्यांना साधारण आठाने गुणा. तेवढे किलोमीटर लांब." मुलांनी मोजलं, दोन सेकंद. सोळा किलोमीटर! पण कोणत्या दिशेला? त्यासाठी तीन केंद्रं लागतात. तीन वर्तुळं काढायची, ती जिथे एकमेकांना भेटतील तिथे धक्का. आणि सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत, कारण पहिली लाट सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते. घड्याळ एक सेकंद चुकलं की सहा किलोमीटरची चूक. म्हणून रोज रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी घड्याळ जुळवायचं. रोज कागद बदलायचा, रोज वहीत लिहायचं. धक्का असो नसो.

तिथे मी मुलांना म्हटलं, "बघा, असे लहान धक्के येऊन गेले की मोठा टळतो." ते गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, "बाई, फळ्यावर एक गणित करू का?"

ते गणित असं. रिश्टरवर एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. म्हणजे दोन आकड्यांना बत्तीस गुणिले बत्तीस, हजार पट. ६.३ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला ४.३ चे हजार भूकंप व्हायला हवेत. ३.३ चे म्हटलं तर बत्तीस हजार. आता वही उघडा. निसर्गाचा हिशेब असा दिसतो की एक आकडा खाली आलं की धक्क्यांची संख्या साधारण दहापट होते. (कोयनेत आजवर पाचाच्या वरचे बावीस आणि चाराच्या वरचे दोनशेच्या आसपास झाले आहेत, ते याच प्रमाणात.) म्हणजे एका ६.३ मागे ४.३ चे असणार शंभर. हवे हजार, मिळतात शंभर. त्याहून लहान धक्क्यांकडे जावं तर तूट वाढतच जाते. लहान धक्के कितीही झाले तरी मोठ्याचा हप्ता फिटत नाही.

"मग लहान धक्के म्हणजे मोठा येणार अशी खूण समजायची का?" मी विचारलं.

"तसंही नाही," ते म्हणाले. "आले आणि थांबले, असं शंभरदा होतं."

मी फळ्यावरचे ते आकडे बघत उभी होते. मुलं बाहेर डबे खायला गेली होती. आत्याला सांगितलेलं वाक्य आणि माझ्या वर्गात बसलेली शेकडो मुलं, दोन्ही एकदम डोळ्यापुढे आलं. त्यातली कितीतरी मुलं याच खोऱ्यातली. दगड-मातीच्या घरात राहणारी.

त्याच्या थोडंच आधी किल्लारी झालं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले होते. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. तिथे आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरात, लहान धक्क्यांची मालिका झाली होती. लोक घाबरले, धक्के थांबले, लोक विसरले. आकाराने किल्लारीचा भूकंप कोयनेच्या जवळपासचाच, ६.२. पण जाड दगडी भिंती, त्यावर मातीचं जड माळवद, आणि झोपेची वेळ. उलट डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली, धुंदलवाडीच्या परिसरात लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या, शास्त्रज्ञांनी जाऊन यंत्रं बसवली. तिथे सहाचा भूकंप आला नाही. दोन्हीकडची सुरुवात लहान धक्क्यांचीच. त्या वेळी कोणालाही पुढचं सांगता आलं नसतं, आणि तारीख-वार आजही सांगता येत नाही.

मग मोजायचं कशाला, असा प्रश्न येईल. माझं उत्तर असं. प्रत्येक लहान धक्का म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. एकाने काही कळत नाही. पण हजारो ठिपके मांडले की वरून न दिसणारी भेग दिसू लागते. कोयनेचे बहुतेक सगळे धक्के धरणाच्या दक्षिणेला साधारण वीस गुणिले तीस किलोमीटरच्या पट्ट्यात आणि बहुतांशी दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवर होतात, हे ठिपक्यांनी सांगितलं. तेवढं कळलं म्हणूनच तिथे भोक पाडून बघण्याचं धाडस करता आलं. २०१६-१७ मध्ये गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल विवर खणलं गेलं. वरचा सव्वा किलोमीटर काळा पाषाण संपल्यावर खाली अतिशय जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. या कामासाठी केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने इथे कराडातच प्रयोगशाळा काढली.

आणि ११ डिसेंबरच्या त्या पहाटे धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने जो हादरा टिपला, गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.६३ पट, तो आलेख जगभरच्या अभियंत्यांनी धरणांचा अभ्यास करताना वापरला. आपल्या धरणालाही वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या होत्या, त्यावरून पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन ते मजबूत केलं गेलं. जो प्रदेश निर्धोक समजला जात होता तो भूकंपाच्या नकाशात वरच्या धोक्याच्या चौथ्या क्षेत्रात गेला. घर कसं बांधायचं, हे त्यावरून ठरतं. वही भूकंप थांबवत नाही. पण भिंत कोणत्या धक्क्याला उभी राहायला हवी, हे वहीच सांगते. माणूस भूकंपाने क्वचितच मरतो, भिंतीने मरतो. हे मला पुस्तकाआधी घरात कळलं होतं, फक्त त्याचा अर्थ उशिरा लागला.

सहलीहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "आजवर मी तुम्हाला एक चुकीचं शिकवलं." फळ्यावर ते गणित करून दाखवलं. पण त्याआधीच्या वर्षांतल्या मुलांना कुठे शोधणार? त्यातला कोणी हे वाचत असेल तर त्याने ते पातेल्याचं उदाहरण खोडावं, ही विनंती.

आईच्या फुल्यांची कॅलेंडरं घराच्या दुरुस्तीत रद्दीत गेली. आता वाटतं ठेवायला हवी होती. ती शास्त्रज्ञ नव्हती, पण त्या घरात तिलाच एक गोष्ट बरोबर कळली होती. लहान धक्क्याने हायसं वाटून घ्यायचं नाही, घाबरायचंही नाही. तो लिहून ठेवायचा.

असो. हे सगळं फोनवर सांगायला जमलं नाही. भाचीबाई, वाचलंस की फोन कर, आणि तुमच्या नव्या घराचं बांधकाम भूकंपाचा विचार करून केलंय का, ते बिल्डरला विचारून मगच कर.